वाटा नोकरीच्या : आर्थिक विश्लेषक व्हायचे असेल तर



मुलगा बी.कॉम. झाला की आपण त्याला दोनच वाटा दाखवितो. एक कारकुनीची, दुसरी पोलीस भरतीची. तिसरी वाट आर्थिक विश्लेषकाची, म्हणजे फायनान्शियल अ‍ॅनालिस्टची. ही वाट आपल्याला परकी नाही. परमपूज्य बाबासाहेब तिच्यावरून चालून गेले आहेत.

कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थव्यवहारावर एम.ए.चा प्रबंध लिहिला. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईस परतले आणि संसार चालविण्यासाठी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली. पेढी आधी बरी चालली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. विद्या होती, कामही होते; जात आडवी आली. पुढे १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगाने त्यांची साक्ष घेतली.

विश्लेषक करतो तरी काय? प्रतापगड-नवेगावबांधकडच्या आपल्या धानपट्ट्यातली एखादी राईस मिल डोळ्यांपुढे आणा. मालक बँकेकडे कर्ज मागतो. कागदावर नफा ५ लाख. पण १२ लाख उधारीत अडकलेले, गोदामात जुना तांदूळ पडून. मग हप्ता कशातून फेडणार? मागच्या तीन वर्षांत काय झाले? पाऊस हुकला तर? ताळेबंदातून याची उत्तरे शोधायची आणि कर्ज द्यावे की नाही, किती द्यावे, याचा अहवाल लिहायचा. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, क्रिसिल-इक्रासारख्या पतमापन संस्था या कामासाठी माणसे नेमतात.

या कामात शिरण्याचे मार्ग असे. बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा देऊन सी.ए.कडे वळता येते, बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन द्यावी लागत नाही. दुसरा मार्ग सी.ई.टी. किंवा कॅट देऊन वित्त विषयात एम.बी.ए. करण्याचा. अमेरिकेतील संस्थेची सी.एफ.ए. परीक्षा तीन टप्प्यांची असते. मात्र फी डॉलरमध्ये भरावी लागते, म्हणून घरचा हिशेब आधी मांडा. कमी खर्चात सुरुवात करायची तर सेबीने स्थापलेल्या एन.आय.एस.एम. संस्थेची रिसर्च अ‍ॅनालिस्ट परीक्षा आहे. कोणताही मार्ग धरा, संगणकावर एक्सेल हात बसेपर्यंत शिका.

पालकांनो, १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे वेळेवर काढा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना यांची माहिती समाजकल्याण कार्यालयात विचारा. आय.आय.एम.च्या प्रवेशातही आपल्या राखीव जागा आहेत.

पण खाजगी कंपनीत आरक्षण नाही, ओळखीपाळखी आपल्याकडे नाहीत. तेथे मुलाखतीत इंग्रजीत चार वाक्ये नीट बोलता आली पाहिजेत. म्हणून मुलांनी रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान मोठ्याने वाचावे. मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. महिन्याला एक समजून घ्यावा. आणि सावध राहा! हमखास नफ्याच्या ‘टिप्स’ विकणारा विश्लेषक नव्हे. अशांच्या नादी लागून घरचे दागिने मोडू नका.

आपल्या वस्तीत बचत गटाची वही चोख लिहिणारी एखादी मुलगी असेलच. तिच्या लग्नाची घाई करू नका, तिला पुढे शिकू द्या. बाबासाहेबांची पेढी जातीने बंद पाडली. ते काम पुन्हा हाती घेणे आता आपल्या मुलामुलींकडे आहे.

जयभीम!