बालवाडीत चाललंय काय?

दिवाळीची सुट्टी लागली की गल्लीबोळांत आणि सोसायट्यांच्या आवारांत किल्ले उभे राहतात. विटांचे तुकडे, गोणपाट, लाल माती आणि वर पेरलेले अहळीव. मोठ्या मुलांत चार-पाच वर्षांचं एखादं भावंडही लुडबुडत असतं. त्याच्याकडे काम असतं पाणी शिंपडण्याचं. ते करता करता त्याच्या लक्षात येतं, की तांब्या एकदम उपडा केला तर बुरूज ढासळतो, हाताने शिंपडलं तर टिकतो. भिंतीआडच्या सावलीतले अहळीव लांबुडके आणि फिकट होतात, उन्हातले हिरवेगार. पुढच्या वर्षी ते स्वतःच सांगतं, किल्ला उन्हात करू या. मात्र सुट्टी संपली की हेच मूल बाकावर बसून ठिपक्यांवरून ‘अ’ गिरवू लागतं, आणि शिक्षण सुरू झालं म्हणून आपण निश्चिंत होतो. यंदाचा अंक बालशिक्षणाला वाहिला आहे तो या निश्चिंतीला हात घालण्यासाठी.

खेळ म्हणजे अभ्यासातून मिळालेली सुटका, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. नीट चालणाऱ्या बालवाडीत अर्धा तास बसलं तर ती टिकत नाही. पाण्याच्या टबाभोवती पाच-सहा मुलं असतात. शेजारी परातीत खडू, बूच, चिंचोके, स्टीलचा चमचा, स्टीलची वाटी. ताई विचारते, यातलं काय बुडेल? मुलं आधी अंदाज सांगतात, मग एकेक वस्तू सोडतात. चमचा तळाला जातो. वाटी मात्र डुलत राहते. दोन्ही स्टीलचीच, मग असं का? इथे ताईची खरी परीक्षा असते. उत्तर सांगून टाकलं तर खेळ तिथेच संपला. ती मातीचा गोळा पुढे करते. गोळा बुडतो. कुणीतरी तोच गोळा बाहेर काढून, चेपून त्याची वाटी करतं, अलगद पाण्यावर ठेवतं आणि ती तरंगते. मग मातीच्या दहा वाट्या होतात, त्यांतल्या चार बुडतात. त्या का बुडाल्या यावर भांडण होतं. कुणी म्हणतं भोक होतं, कुणी म्हणतं काठ खाली गेला. तरंगण्याचा नियम ही मुलं कित्येक वर्षांनी पुस्तकात वाचतील. आज त्यांनी अंदाज केला, तो तपासला, चुकला तेव्हा बदलला आणि शेजाऱ्याला कारण सांगितलं. विज्ञान याहून वेगळं काय करतं?

हे शब्दांनी शिकवता येत नाही, याला कारण आहे. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवलेली गोष्ट घरीही करून बघता येते. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या आणि मुलासमोरच एकातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता. चार वर्षांचं मूल बहुधा म्हणेल, उंच ग्लासात जास्त आहे. ‘अरे, तेवढंच आहे’ असं आपण कितीदाही सांगितलं तरी त्याला ते पटत नाही. असंख्य वेळा ओतून, परत ओतून, सांडून त्याचं त्यालाच ते उमगत जातं. पाण्यात खेळणाऱ्या मुलाला आपण ‘कपडे भिजतील’ म्हणून उठवतो, तेव्हा हे ओतणं थांबवतो.

लिहिण्याचंही तसंच. मनगटातली हाडं या वयात पुरती टणक झालेली नसतात, बोटांच्या स्नायूंत बळ यायचं असतं. कणीक तिंबणं, कागद फाडणं, मणी ओवणं, चिमटीने चिंचोके उचलणं, ही सगळी लेखनाचीच तयारी असते. ती न करवता साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन चार रेघांच्या वहीत अक्षरं बसवायला लावणं हा अन्याय आहे, आणि त्याला दुसरा शब्द मला वापरावासा वाटत नाही.

यातलं काहीही नवं नाही. फ्रिड्रिश फ्रोबेलने जर्मनीत 1837 मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली, तिथे ठोकळे होते, गाणी होती, मुलांचे स्वतःचे वाफे होते. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात मुलांना मोकळं केलं. ताराबाई 1945 मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरींची साधनं महाग, ती आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पानं, काटक्या, माती हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरवली. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं हाही तिथे शिक्षणाचाच भाग होता. गरिबाच्या मुलाला खेळातून शिकणं परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी कोसबाड आठवावं.

आज कागदावर सगळं आपल्या बाजूचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा मानलं. 2022 च्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळ मध्यभागी ठेवला. त्याआधी, 1993 मध्येच यशपाल समितीने बालवर्गाच्या प्रवेशाला परीक्षा-मुलाखती नकोत म्हणून सांगितलं होतं. प्रत्यक्षात काय दिसतं? एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, त्यातून अंगणवाडी देशभर पोहोचली. पण तिथल्या सेविकेच्या अंगावर पोषण आहार, वजनं, लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी, सर्वेक्षणं आणि मोबाइलवरची माहिती भरणं एवढं सगळं आहे, तेही मानधनावर. टबाभोवती बसायला तिला निवांत तास उरतो कुठे? खेळणी पाठवून हा प्रश्न सुटणार नाही. तिचा वेळ मोकळा केला पाहिजे आणि तिला पगार दिला पाहिजे.

खासगी बालवर्गांची अडचण वेगळी आहे. तिथल्या कित्येक ताईंना कळतं की मुलांना काय हवं, पण दाराशी पालक उभे असतात: आज काय लिहून घेतलं? वही कोरी का? शेजारच्या वर्गातल्यांना शंभरपर्यंत अंक येतात. ताई मग मातीचा डबा कपाटात ठेवते आणि वर्कशीट काढते. पालकांची ही भीती मी समजू शकते. मूल मागे पडेल या धास्तीत आजची आई-बाप पिढी जगते आहे. पण शंभरपर्यंत म्हणणं आणि सात चिंचोके मोजून हातावर ठेवणं यांत फार अंतर आहे. पहिलं पाठांतराने येतं, दुसऱ्याला चिंचोके लागतात.

या अंकात बालवाडीताईंनी स्वतः लिहिलेले अनुभव आम्ही मुद्दाम पुढच्या पानांवर घेतले आहेत आणि तज्ज्ञांचे लेख त्यानंतर. वाचकांना एक विनंती आहे. सुट्टीनंतर आपल्या भागातल्या अंगणवाडीत एकदा जा, ताईंना काय हवं ते विचारा. चिंचोके, रिकाम्या डब्या, बुचं, कापडाचे तुकडे, जुनी घमेली, मापाची भांडी, दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या, काहीही चालतं. आणि आपल्या घरचं मूल बालवाडीतून परत आलं, की काय लिहिलंस याऐवजी आज तू काय विचारलंस, एवढंच त्याला विचारून बघा.



— संपादक