काचबिंदू : डोळ्याचे दुखणे, रक्ताची साक्ष

शब्द फसवे असतात, हे मराठीच्या अध्यापकाला कोणी वेगळे सांगायला नको. ‘मोतीबिंदू’ आणि ‘काचबिंदू’ ही जोडीच पाहा ना! नावांवरून सख्खे भाऊ वाटावेत. स्वभाव मात्र अगदी निराळे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की माणूस पुन्हा पंचांग वाचू लागतो. काचबिंदूत डोळ्यामागची नस झिजते, आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही.

आमचे दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, गंगाखेड तालुक्यात शेती पाहतात. पन्नाशी उलटल्यावर ते बांधावर अडखळू लागले. बाजूने आलेले जनावर त्यांना दिसेना. समोरचे मात्र स्वच्छ दिसे, त्यामुळे त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती. सोयऱ्याधायऱ्यांचे निदान ठरलेले : ‘‘मोतीबिंदू असेल, पिकू द्या.’’ पण पिकायला तेथे काही नव्हतेच! परभणीला डोळे तपासले, तेव्हा एका डोळ्याचा दिवा जवळजवळ मालवला होता. मी त्यांच्या पाठचा भाऊ. काचबिंदू रक्ताच्या नात्यात पुष्कळदा उतरतो, सख्ख्या भावंडांना तर त्याचा धोका अधिकच. तेव्हा हा विषय माझ्यापुरता तरी निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

डोळ्यात एक पाणी सतत पाझरते आणि बारीक जाळीतून बाहेर जाते. जाळी तुंबली की आतला दाब वाढतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका दाब ठीक समजतात. दाब वाढला की नस चेपते, असे सोपे गणित पुष्कळ वर्षे मांडले गेले. परंतु काही रोग्यांचा दाब मुळीच वाढलेला नसतो, तरी नस झिजते. आणि काहींचा दाब औषधाने उतरला तरी झीज थांबत नाही. मग चोर कोण?

या प्रश्नाच्या शोधात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, हे वाचून वाचकांना आनंद होईल. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया यांनी २००६ ते २००८ या काळात जर्मन संशोधकांच्या सहकार्याने नागपूरजवळच्या खेड्यांतील तिशीपुढच्या ४,७११ माणसांचे डोळे व प्रकृती तपासली. त्या तपासणीतून २०१३ साली एक विचार पुढे आला. नसेच्या पुढच्या बाजूला डोळ्याचा दाब असतो, तसा मागच्या बाजूला मेंदूभोवतीच्या द्रवाचाही असतो. हा दुसरा दाब प्रत्यक्ष न मोजता वय, रक्तदाब वगैरेंवरून अजमावलेला होता. तरीही काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात डोळ्याच्या एकट्या दाबापेक्षा या दोहोंतील फरकाशी रोगाचा संबंध अधिक जुळला. म्हणजे डोळ्याच्या दुखण्यात मेंदूची बाजूही विचारात घ्यावी लागते!

आणि ते स्वाभाविकच नाही काय? डोळ्याची नस म्हणजे मेंदूचीच बाहेर आलेली फांदी. तिच्यात सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. ते मरतात तेव्हा मेंदूत जेथे ते पोचतात, तेथील पेशीही सुकत जातात. म्हणून स्मृतिभ्रंश, कंपवात यांसारख्या मज्जापेशी झिजवणाऱ्या रोगांच्या पंगतीत काचबिंदूलाही बसवावे, असे अनेक शास्त्रज्ञ म्हणू लागले आहेत.

पण जिवंत माणसाची नस कापून कशी पाहणार? तेव्हा शास्त्रज्ञ रक्ताकडे वळले. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत तीच जनुके आणि पुष्कळशी तीच प्रथिने असतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका तर दोन्हीकडे आहेत. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईची आठवण काढून सांगायचे, तर ही पेशीतली जाती होत. प्रथिने त्यांचे खुंटे आणि तळ्या. दळण चालू आहे तोवर पेशी जगते. नसेच्या पेशीला हे दळण फार लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज व मूरफील्ड्स रुग्णालयातील संशोधकांनी २०२४ साली दाखवले की, काचबिंदूच्या रोग्यांच्या रक्तपेशींतील ही जाती मंद फिरतात. दाब उतरवूनही ज्यांची दृष्टी झपाट्याने जाते, त्यांच्यात ती अधिकच मंद असतात. एन.ए.डी. नावाचे, दळणाला लागणारे एक द्रव्यही या रोग्यांत कमी आढळले. ते ब-३ जीवनसत्त्वापासून बनते. म्हणून त्या जीवनसत्त्वाच्या चाचण्या हाती घेतल्या आहेत. पण ‘‘चला, गोळ्या आणू’’ असे मात्र कोणी करू नये. मोठ्या मात्रेने यकृताला इजा होऊ शकते.

उद्या कदाचित बोटभर रक्तावरून कोणाच्या डोळ्यांना अधिक जपायला हवे ते कळेल. आज हाती आहे ते एवढेच : दाब उतरवणारे थेंब रोज, न चुकता. दादांची उरलेली दृष्टी त्या थेंबांवर टिकून आहे. सून हाक मारते, ‘‘मामंजी, थेंबांची वेळ झाली,’’ आणि तेही मुकाट्याने मान वर करतात.

मीही तपासून आलो. दाब ठीक निघाला. तरी डॉक्टरांनी बाहुली मोठी करून नस पाहिली आणि दरवर्षी यायला बजावले. वाचकहो, चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नये. ‘‘नसही पाहा’’ एवढे दोन शब्द डॉक्टरांना आवर्जून सांगावेत.

पुण्याची आमची धाकटी बहीण ‘‘मला सगळं नीट दिसतंय की!’’ म्हणून टाळते आहे. दादाही हेच म्हणत असत. यंदा भाऊबीजेला ती ओवाळील तेव्हा तबकात ओवाळणी पडेलच. पण त्याआधी तपासणीची तारीख मी तिच्याकडून वदवून घेणार आहे.