जड साखळी ही सुटी वीट नव्हे

गेल्या महिन्यात फ्रीझर आवरताना एक ट्यूब हाती लागली. झाकणावर एवढेच: ‘आयजीजी-१, जड साखळी’. व्हेरिएबल भाग कुठे संपतो, सिग्नल पेप्टाइड आहे की नाही, ॲलील कोणता, कशाचाच पत्ता नाही. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. ट्यूब टाकून दिली.

टॉम नाइट यांनी २००३ मध्ये बायोब्रिकची, म्हणजे विटांसारख्या एकमेकांना जोडता येणाऱ्या डीएनए-तुकड्यांची, कल्पना मांडली, ती प्रमोटरमागे जनुक लावायला झकास. पण त्याच मूळ पद्धतीने व्हेरिएबल भागाला कॉन्स्टंट भाग जोडायला जा. एक्सबा-वन आणि स्पी-वनच्या सांध्यात टीएसी-टीएजी उमटते. म्हणजे टायरोसिन, आणि लगेच स्टॉप कोडॉन. साखळी तिथेच संपली! फ्रायबुर्गच्या चमूने पुढे सुचवलेल्या सांध्यात थ्रिओनिन-ग्लायसिन येते, रीडिंग फ्रेम शाबूत राहते. खरे तर मानवी आयजीजी-१ च्या सीएच-१ च्या तोंडाशीच अपा-वनची जागा आयती आहे. प्रतिपिंडे घडवणारे वर्षानुवर्षे तिथेच जोडत आले आहेत.

मानवी जड साखळीची जनुके असलेल्या चौदाव्या गुणसूत्रावर निसर्गाचीही जोडणीची शिस्त आहेच. १२ बेसच्या अंतराचा संकेत २३ च्याच संकेताशी जुळतो, म्हणून व्ही हा जनुकखंड थेट जे खंडाला चिकटत नाही, मध्ये डी खंड लागतो. शिस्त इथवरच. प्रत्यक्ष सांध्यावर बेस कापले जातात, नवे घुसतात, बऱ्याच जोडण्या फ्रेम चुकून वाया जातात. आपल्याला ही चैन परवडत नाही.

त्याहून मोठी अडचण जोडीदाराची. हलकी साखळी भेटेपर्यंत सीएच-१ नीट घडी घेत नाही आणि बिप हे प्रथिन जड साखळीला एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये अडवून ठेवते. बिप हे नावच मुळी ‘जड साखळीला धरणारे प्रथिन’ अशा अर्थाचे. नुसती जड साखळी पेशीत घातली आणि माध्यमात काही सापडले नाही, तर दोष प्रमोटरला देऊ नये.

‘मानवी आयजीजी-१’ म्हणजेही एकच क्रम नव्हे. २१४ व्या जागी लायसिन की आर्जिनिन, यावर ॲलोटाइप बदलतो. सीएचओ पेशींच्या ट्रान्सफेक्शनमध्ये या फरकाने काही अडत नाही, हे मान्य. रुग्णापर्यंत जाणाऱ्या रेणूत मात्र तो नोंदलेलाच हवा.

पुढील अंकापासून जड साखळीच्या घटकाबद्दल लेख पाठवताना सांध्याचा पूर्ण क्रम, ॲलोटाइप आणि सोबतची हलकी साखळी लिहून पाठवा. या तीन नोंदी नसतील तर लेख परत येईल.