जरा हळू विचारा

कोल्हापुरात पाहुणा आला की अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा हे तिन्ही झाल्याशिवाय त्याला गाडीत बसवत नाहीत. मागच्या महिन्यात पुण्याहून जुना वर्गमित्र आला, म्हणून आम्ही चौघे जेवायला बाहेर पडलो. एकाच्या गळ्यात माळ, एक जैन. म्हणजे रश्श्याचे धनी दोघंच! म्हणून व्हेज-नॉनव्हेज दोन्ही मिळणारं एक जुनं हॉटेल गाठलं.

माळकऱ्यानं अख्खा मसूर आणि भाकरी सांगितली. जैन मित्रानं कांदा-लसूण नको म्हणून बजावलं. वेटरनं मान डोलावली. मग मी तोंड उघडायच्या आत पुण्याच्या मित्रानंच विचारलं, "दादा, मटण हलाल आहे न्हवं?" मालक काउंटरवरून उठून जवळ आले. "आपला मुलाणीच कापतोय, शंका नको. पण जरा हळू विचारा, साहेब."

पांढरा रस्सा झकास होता. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, काजू-खसखस, कशाचंच प्रमाण चुकलं नव्हतं. तरी 'हळू विचारा' घशातून खाली उतरेना.

मालकांना दोष देत नाही. 7 जून 2023 ला मोबाइलच्या स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली, दुकानं फुटली. मार्च 2025 मध्ये हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र आलं, तेही एका मंत्र्यांच्या हस्ते. ज्याला धंदा करायचाय तो आवाज खालीच ठेवणार.

पण हा प्रश्न आपल्या गावांना नवा नाही. गावगाड्यात मुलाणी हा बलुत्यावर जगणारा माणूस. जत्रेचा बकरा तोच कापायचा, आणि ते मटण अख्खं गाव खायचं. सुरी कुणाची, हे सगळ्यांना माहीत होतं. कुजबुजायची गरज कुणाला पडली नाही.

आपल्यातही काहीजण म्हणतात, कटकटच नको, बाहेर जेवूच नये. मला हे पटत नाही. उत्तर 'नाही' आलं तर मीही मसूर-भाकरी खाईन, ताट काही उपाशी राहत नाही. पण मित्रांच्या पंगतीतून उठून जाणं हा कसला परहेज? भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, तेही भर रस्त्यात, सगळ्यांना दिसेल असं. चहा राजवाड्यावर मागवता आला असता की! पण मग त्या चहाचा उपयोग काय झाला असता?

आणि आणखी एक. तो प्रश्न मी नव्हे, माझ्या हिंदू मित्रानं विचारला होता. तीस वर्षं माझ्यासोबत जेवून त्याला ते इतकं सवयीचं झालंय, की आवाज कमी करावा हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मला मात्र हॉटेलात शिरतानाच आलं होतं. विचारू की नको, यातच मी दोन मिनिटं घालवली होती.

दिवाळीला तो पुन्हा येतोय. त्याच हॉटेलात जाऊ. या खेपेला मीच विचारणार आहे.