संगणक आले, निदेशक कुठे?

देशातील शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या किमान निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५पर्यंत व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने समोर ठेवले होते. मुदतीचे ते वर्ष आता मागे पडले आहे. महानगरांतील शाळांत या उद्दिष्टाचा अर्थ रोबोटिक्सची प्रयोगशाळा किंवा कोडिंगचा तास असा लावला गेला. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात मात्र तो निराळा आहे. दहावीनंतर शेतात किंवा पुण्या-सुरतेच्या कारखान्यात मजुरीला जाणाऱ्या मुलाच्या हातात एखादे कौशल्य असेल की नसेल, हा तेथील प्रश्न आहे. त्याचे उत्तर गेली दोन दशके संगणकात शोधले जात आहे. ते पूर्णतः चुकीचे नाही. परंतु संगणकाकडून नेमके कोणते काम करून घ्यायचे, हे ठरवण्यातच गफलत झाली आहे.

२०११च्या जनगणनेनुसार बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि पाचांतील जवळपास चार जण खेड्यांत राहत होते. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा वरवर पाहता कापूस आणि सोयाबीनचा. बारकाईने पाहिल्यास मात्र कौशल्यांची मोठी विविधता दिसते. सरकी काढणे व गाठी बांधणे हा खामगाव-मलकापूर पट्ट्यातील जुना उद्योग. चांदीच्या कारागिरीमुळे खामगावला रजतनगरी म्हणतात. देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा तालुक्यांत शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बियाणे तयार होते. शेजारच्या जालन्यातील बियाणे उद्योगाशी जोडलेल्या या कामात फुलातील पुंकेसर वेळेवर काढणे, हाताने परागीकरण करणे आणि वाणाची शुद्धता राखणे, हे सारे कसबाचे असते. शेगावात वर्षभर भाविकांची रीघ असते. लोणार सरोवराला २०२०मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. शेतावरचे सौरपंप वाढत असून प्रत्येक पंपाला कधी ना कधी दुरुस्ती लागणारच आहे.

थोडक्यात, शिकण्याजोगे काम जिल्ह्यात आहे आणि शिकू इच्छिणारी मुलेही आहेत. या दोहोंना जोडणारा दुवा शाळेत असायला हवा होता. तो तेथे नाही.

सरकत्या मुदतींचा इतिहास

हे अपयश आजचे नाही. प्राथमिक शिक्षणात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश करावा, अशी मागणी महात्मा फुले यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात केली होती. बुलडाण्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्यात १९३७मध्ये गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली. हस्तोद्योग हेच तिच्यात शिक्षणाचे माध्यम होते. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि माध्यमिक शिक्षणाच्या व्यवसायाभिमुखतेचा आग्रह धरला. १९८६च्या धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील दहा टक्के विद्यार्थी १९९०पर्यंत, तर पंचवीस टक्के १९९५पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचे ठरवले. ते न साधल्याने १९९२च्या फेरमांडणीत या मुदती अनुक्रमे १९९५ आणि २०००वर नेण्यात आल्या.

महाराष्ट्रात या धोरणातून अकरावी-बारावीचे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. पुढे २०१३मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि नववीपासूनच व्यवसाय विषय घेण्याची सोय काही शाळांत झाली. तरीही औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेल्या १९ ते २४ वयोगटातील तरुणांचे प्रमाण बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार पाच टक्क्यांहूनही कमी होते. २०२०च्या धोरणानेच हा आकडा उद्धृत केला आहे आणि त्याशेजारी जर्मनीचे ७५, तर दक्षिण कोरियाचे ९६ टक्के ठेवले आहेत. मुदती पुढे सरकत राहिल्या. शाळेतील कार्यशाळा मात्र जागच्या जागी राहिली.

माध्यमच झाले विषय

या शतकाच्या आरंभी माहिती तंत्रज्ञानाने मोठी आशा निर्माण केली. २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. २००४च्या सप्टेंबरमध्ये शिक्षणासाठीचा एज्युसॅट हा उपग्रह अवकाशात गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राची शाळांसाठीची माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान योजना सुरू झाली. राज्यात या योजनेखाली खासगी कंपन्यांनी शाळांत संगणक कक्ष उभारायचे, ठरावीक वर्षे चालवायचे आणि नंतर शाळेच्या ताब्यात द्यायचे, अशी पद्धत अवलंबली गेली.

या प्रयत्नांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. खेड्यातील हजारो मुलामुलींनी संगणकाला प्रथम हात लावला तो यांतूनच. परंतु दोन त्रुटी मुळातच राहून गेल्या. पहिली, करार संपताच संगणक शाळेकडे आले, पण कंत्राटी संगणक शिक्षक घरी गेले. यंत्राची मालकी हस्तांतरित झाली. ते चालवण्याची, दुरुस्त करण्याची आणि त्यावर शिकवण्याची क्षमता हस्तांतरित झाली नाही. भारनियमन आणि विजेचे बिल या अडचणी त्यात भर घालणाऱ्या होत्या. दुसरी त्रुटी अधिक खोल होती. संगणक हे कशासाठी तरी वापरायचे साधन आहे, हे विसरून तोच एक विषय बनवला गेला. पत्र टंकलिखित करणे, तक्ता तयार करणे, परीक्षा देणे आणि प्रमाणपत्र मिळवणे, एवढ्यावर गाडी थांबली. सुतारकाम, वीजजोडणी, पशुपालन किंवा बीजोत्पादन शिकवण्यासाठी त्याच कक्षाचा उपयोग होऊ शकतो, हा विचार योजनेच्या चौकटीत नव्हताच.

पाबळचा धडा

या बाबतीत महाराष्ट्राला बाहेरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभा केला. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून ते कोरडवाहू खेड्यात आले होते. त्यांनी घडवलेल्या मूलभूत तंत्रज्ञान ओळख या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चार विभागांत प्रत्यक्ष काम करतात. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली आणि तो राज्यातील इतर शाळांतही पोहोचला.

पाबळचे वैशिष्ट्य यंत्रात नव्हते, माणसात होते. शिकवणारा निदेशक शक्यतो गावातलाच, स्वतः ते काम करून पोट भरणारा असावा आणि मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगाचे असावे, हा कलबागांचा आग्रह होता. तंत्रज्ञान या पायावर उभे राहिले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने २००२मध्ये पाबळला फॅब लॅब सुरू झाली. संगणकावर रेखाटलेली वस्तू यंत्राने कापून, जोडून प्रत्यक्षात आणण्याची ही सोय अमेरिकेबाहेर प्रथम जेथे पोहोचली, अशा ठिकाणांत या खेड्याचे नाव घेतले जाते. आधी वीस वर्षे हाताने काम शिकवले गेले आणि मग संगणक आला, हा क्रम महत्त्वाचा आहे. अन्यत्र क्रम उलटा झाला. संगणक आधी आला आणि कामाची वाट अजूनही पाहिली जात आहे.

काय साधेल, काय साधणार नाही

वेल्डिंगची ज्योत पडद्यावर पाहून हात स्थिर होत नाही. कलम बांधताना सालीखालचा ओलावा बोटांनाच कळावा लागतो. तेव्हा चित्रफिती दाखवल्या म्हणजे व्यवसाय शिक्षण झाले, हा समज प्रथम सोडावा लागेल. मात्र व्यवसाय शिक्षणातील प्रत्येक गोष्ट हाताची नसते. काम सुरू करण्यापूर्वीची माहिती, सुरक्षिततेचे नियम, मापे, खर्चाचा हिशेब, झालेल्या कामाची नोंद आणि पुढील संधींचा शोध हा भाग मोठा असतो आणि तेथे तंत्रज्ञान फार उपयोगी पडते.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने यासाठी चांगली पद्धत दाखवली आहे. साधारण दहा मिनिटांची ध्वनिचित्रफीत, तिचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवेदन आणि विद्यार्थ्याने फीत थांबवून लगेच तेच काम स्वतः करून पाहणे, अशी तिची रचना आहे. हा प्रकल्प मुख्यतः सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी असला, तरी त्यातील तत्त्व सौरपंपाच्या जोडणीला किंवा दुधातील स्निग्धांश तपासणीलाही लागू पडते. अशा फिती शाळेच्या संगणकात साठवून ठेवता येतात. त्यासाठी अखंड इंटरनेट लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांच्या शाळांना ही बाब कळीची आहे.

दुसरा उपयोग दुर्मीळ निदेशकाची व्याप्ती वाढवण्याचा. प्रत्येक शाळेला प्रत्येक व्यवसायाचा निदेशक मिळणे अशक्यच आहे. परंतु पाच-सहा शाळांच्या गटाला एक फिरता निदेशक देता येईल. तो आठवड्यातील ठरल्या दिवशी शाळेत प्रत्यक्ष काम घेईल आणि उरलेल्या दिवशी मुलांच्या कामाची छायाचित्रे पाहून दूरस्थ मार्गदर्शन करील. त्याला आधार देणाऱ्या संस्था जिल्ह्यात आहेत. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय, खामगावचे शासकीय तंत्रनिकेतन, तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि बुलडाणा व जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रे यांचा शाळांशी नित्याचा संबंध जोडणे, हे जिल्हा पातळीवर होण्याजोगे काम आहे.

तिसरा उपयोग कामाच्या नोंदीचा. गुणपत्रिकेवरील एका श्रेणीवरून मुलीला परागीकरण खरोखर जमते की नाही, हे बियाणे कंपनीला कळत नाही. तिने वर्षभरात केलेल्या कामाची दिनांकासह छायाचित्रे, मापे आणि निदेशकाचा शेरा असलेली नोंद मात्र बोलकी ठरेल. चौथा उपयोग तर शाळेच्या दारातच आहे. बंद पडलेले संगणक दुरुस्त करणे हाच नववी-दहावीच्या मुलांसाठी उत्तम व्यवसाय विषय होऊ शकतो.

पालकांची शंका

या सर्व मांडणीला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. व्यवसाय शिक्षण हे गरिबांच्या, शेतकऱ्यांच्या आणि बहुजनांच्या मुलांसाठी; डॉक्टर-इंजिनीअर व्हायचे ते इतरांनी, अशी विभागणी यातून पक्की होईल काय? मेहकर-लोणारकडचा शेतकरी जमीन गहाण ठेवून मुलाला विज्ञान शाखेत घालतो, तो अज्ञानापोटी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या हातांनी काम करणाऱ्यांना समाजाने काय किंमत दिली, हे त्याने पाहिलेले असते.

या शंकेला भाषणांनी उत्तर मिळणार नाही. व्यवसाय विषय सर्वांनाच असावा, मागे पडलेल्यांपुरता नसावा आणि तो घेतल्याने पुढील शिक्षणाचा कोणताही दरवाजा बंद होऊ नये, या दोन अटी पाळल्या गेल्या तरच विश्वास बसेल. २०२३मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने कौशल्य शिक्षणाचे श्रेयांक सामान्य शिक्षणात धरण्याची तरतूद केली आहे. तिचा अनुभव विद्यार्थ्याला प्रत्यक्ष प्रवेशाच्या खिडकीवर यायला हवा. मुलींच्या बाबतीत दक्षता आणखी हवी. त्यांना शिवणकाम आणि सौंदर्यप्रसाधन एवढेच पर्याय देऊन वीजतंत्र व यंत्रदुरुस्ती मुलांसाठी राखून ठेवणे, ही जुनीच विभागणी नव्या नावाने होईल.

शेवटी प्रश्न पैशांचा आणि प्राधान्याचा उरतो. संगणकाची खरेदी एकदाच करावी लागते, तिचे उद्‌घाटन होते आणि ती अहवालात दिसते. निदेशकाचे मानधन दरमहा द्यावे लागते आणि त्याचे छायाचित्र छापून येत नाही. साहजिकच पहिल्यासाठी निधी मिळतो आणि दुसऱ्यासाठी कंत्राट निघते. कौशल्य आराखड्यातील व्यवसाय विषयांचे अनेक शिक्षकही बाह्य संस्थांमार्फत तात्पुरत्या स्वरूपात नेमले जातात. त्यामुळे अनुभवी माणूस टिकत नाही. हे चक्र मोडायचे असेल, तर शालेय तंत्रज्ञानाच्या प्रत्येक योजनेत यंत्राबरोबर निदेशकाच्या किमान पाच वर्षांच्या मानधनाची आणि देखभालीची तरतूद बंधनकारक करावी लागेल. जिल्हा नियोजन समितीने यासाठी आग्रह धरला, तर सुरुवात बुलडाण्यातूनही होऊ शकते.

शाळेत किती संगणक बसवले, ही मोजणी आता पुरे झाली. दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला काय दुरुस्त करता येते, काय पिकवता येते, काय घडवता येते आणि त्याची किंमत मागता येते का, हे मोजायला हवे. नव्या मुदतीची घोषणा होण्यापूर्वी एवढी मोजणी एका जिल्ह्यात प्रामाणिकपणे झाली, तरी १९९०पासून पुढे सरकत आलेले हे उद्दिष्ट प्रथमच जमिनीला टेकेल.