विंचवाचं बिऱ्हाड पेन ड्राइव्हवर!

सहा महिने नागपूरला मुलाकडे, सहा महिने बडोद्याला मुलीकडे, अशा वाऱ्या करणारे एक आजोबा डोळ्यांसमोर आणा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याचा कुळवृत्तान्त लिहायला घेतला आहे. कोणती शाखा कोकणातून कधी निघाली, कोणाची लेक कोणत्या घरात दिली, जुने फोटो, पत्ते, वंशावळ... सगळा ऐवज संगणकात. आणि संगणक कोणाचा? नागपूरला नातवाचा, बडोद्याला लेकीचा!

मग व्हायचं तेच होतं. नातवाच्या लॅपटॉपवर आजोबा एक प्रोग्रॅम लिहिण्यासाठी टाकतात, दुसरा फोटो साफसूफ करण्यासाठी. ब्राउझरमध्ये त्यांचा ई-मेल उघडाच राहतो. ''आजोबा, काय काय भरून ठेवलंत हो माझ्या लॅपटॉपवर?'' अशी तक्रार ठरलेली. बडोद्याला पोचावं तर तिथं यातला एकही प्रोग्रॅम नाही. पुन्हा श्रीगणेशा!

खरं तर यावरचा उपाय आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातच असतो. फाइली इकडून तिकडे नेण्यासाठी पेन ड्राइव्ह सगळेच वापरतात. पण त्या फाइली ज्यावर चालतात तो प्रोग्रॅमही त्याच पेन ड्राइव्हवर राहू शकतो आणि तिथूनच चालू शकतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. अशा प्रोग्रॅमना 'पोर्टेबल' म्हणतात.

नेहमीचा प्रोग्रॅम संगणकावर इन्स्टॉल होतो म्हणजे काय होतं? तो थोडा एका फोल्डरमध्ये बसतो, थोडा दुसऱ्या, आणि विंडोजच्या 'रजिस्ट्री' नावाच्या मोठ्या खतावणीत स्वतःच्या नोंदी करून ठेवतो. भाडेकरूनं खोली घ्यावी, पण सामान जिन्यात, गच्चीवर आणि शेजाऱ्याकडेही ठेवावं, तसा हा प्रकार. पोर्टेबल प्रोग्रॅम मात्र आपला सगळा पसारा एकाच फोल्डरमध्ये ठेवतो. आपण केलेली अक्षरांची निवड, ब्राउझरमधल्या खुणा, साठवलेले पत्ते, सगळं तिथंच. पेन ड्राइव्ह काढला की बिऱ्हाड उठलं! शिवाय इन्स्टॉल करण्याची भानगड नसल्यानं संगणकाच्या मालकाचा खास पासवर्ड मागायची वेळही बहुधा येत नाही.

पेन ड्राइव्ह बाजारात आले ते 2000 साली. आयबीएमनं तेव्हा विकलेल्या ड्राइव्हमध्ये जेमतेम 8 एमबी मावत. म्हणजे पाच-सहा फ्लॉपींचा माल. 2004 मध्ये जॉन हॅलर या अमेरिकन तंत्रज्ञानं फायरफॉक्स ब्राउझरचा पेन ड्राइव्हवरून चालणारा अवतार तयार केला. त्यातूनच पुढे 'पोर्टेबलअॅप्स' हे संकेतस्थळ उभं राहिलं. लिहिण्यासाठी आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस, फोटोंसाठी गिम्प, गाणी आणि चित्रपटांसाठी व्हीएलसी, पासवर्डांच्या तिजोरीसाठी कीपास... हे सगळे तिथं विंडोजसाठी फुकट मिळतात. आज 32 जीबीच्या साध्या ड्राइव्हवर हे सारं बसून वर कुळवृत्तान्ताला भरपूर जागा उरते.

मराठी लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं पान तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं, की 'आजोबा'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यावर पोर्टेबल प्रोग्रॅमचाही इलाज चालत नाही. लिब्रेऑफिसमध्ये फॉन्ट फाइलच्या आतच बांधून ठेवायची सोय आहे, ती जरूर वापरावी. छापायला द्यायचं असेल तर पीडीएफ करून न्यावं, म्हणजे दुकानदाराच्या संगणकाशी हुज्जत नको.

दुकानाचा विषय निघालाच आहे, तर झेरॉक्सच्या दुकानात जरा डोकवा. आधारकार्डाची प्रत काढायला आलेला माणूस तिथल्या संगणकावर ई-मेल उघडतो, फाइल उतरवतो, पैसे देतो आणि निघून जातो. मागे 'डाउनलोड्स'मध्ये त्याचं आधारकार्ड, आधीच्याचं पॅनकार्ड आणि त्याच्याही आधीच्या मुलीचा बायोडाटा सुखेनैव नांदत असतात! पेन ड्राइव्हवरचा ब्राउझर वापरला आणि फाइलही ड्राइव्हवरच उतरवली, तर पासवर्ड, इतिहास आणि कागद आपल्याबरोबर परत येतात.

पण पोर्टेबल म्हणजे अदृश्य नव्हे, बरं का! कोणता ड्राइव्ह लावला, कोणती फाइल उघडली, याच्या काही खुणा विंडोज ठेवतंच. आणि त्या संगणकात कळांचे ठोके चोरून टिपणारा प्रोग्रॅम दडलेला असेल, तर तुमचा ब्राउझर कितीही सोवळा असला तरी पासवर्ड गेलाच. बँकेचे व्यवहार परक्या संगणकावर करूच नयेत.

दुसरा धोका उलट दिशेचा. दहा घरचं पाणी प्यायलेला ड्राइव्ह रोगही घेऊन येतो. सगळे फोल्डर एकाएकी 'शॉर्टकट' झालेले पाहून हबकलेले लोक आपल्याकडे कमी नाहीत. 2010 मध्ये उघडकीस आलेला, इराणच्या नातांझ अणुकेंद्रातली यंत्रं बिघडवणारा 'स्टक्सनेट' पेन ड्राइव्हवरूनच पसरू शकत होता. तेव्हा घरी परतल्यावर आधी ड्राइव्ह तपासावा. जावईबापूंच्या ऑफिसच्या लॅपटॉपला तर विचारल्याशिवाय लावूच नये. पुष्कळ कंपन्या त्या खाचा बंदच करून टाकतात. महागडे प्रोग्रॅम 'पोर्टेबल' म्हणून फुकट वाटणारी ठिकाणंही टाळावीत. तो बहुतेक चोरीचा माल असतो, आणि त्याच्याबरोबर काय येईल याचा नेम नसतो.

गैरसोयी आहेतच. विंडोजचे हे प्रोग्रॅम मोबाइलवर किंवा अॅपलच्या मॅकवर चालत नाहीत. स्वस्त ड्राइव्हवर ते उघडायलाही वेळ लावतात, यूएसबी 3.0 चा ड्राइव्ह घेऊन बहुधा निळी जीभ असलेल्या खाचेत लावला, तर वेग जाणवतो. काम संपलं की प्रोग्रॅम आधी बंद करावा, मग 'इजेक्ट' म्हणावं आणि त्यानंतरच ड्राइव्ह काढावा. घाईत ओढून काढला, तर नेमकी उघडी असलेली फाइलच खराब होऊ शकते.

शिवाय बोटाएवढी वस्तू! रिक्षात पडते, सदऱ्याबरोबर धुतली जाते, कधी एके सकाळी आपणहून मुकी होते. हरवला तर परक्याच्या हाती पत्ते आणि फोटो लागू नयेत म्हणून खासगी फाइली सेव्हन-झिप पोर्टेबलनं पासवर्ड घालून बंद कराव्यात. त्यासाठी व्हेराक्रिप्टही चांगलं, पण परक्या संगणकावर ते मालकाचा पासवर्ड मागतं आणि तिथंच गाडी अडते.

आजोबांनी मात्र एकाच्या ऐवजी दोन पेन ड्राइव्ह घ्यावेत. एक खिशात. दुसरा नागपूरच्या कपाटात, दर मुक्कामाला ताजी प्रत करून ठेवलेला. आणि नातवाला तो कुठे आहे हे सांगून ठेवलेलं.