तालुक्याची पायरी परत द्या

कर्नाटकच्या सिद्धरामय्यांविषयी महाराष्ट्रात काही लिहिलं गेलं की ‘शेतकऱ्याचा मुलगा मुख्यमंत्री झाला’ हे वाक्य हमखास येतं. मी तासगाव तालुक्यातली. लग्न होऊन म्हैसूरला आले, इथली मतदार झाले आणि ही कारकीर्द इथूनच पाहिली. मला त्या वाक्याच्या पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हा मुलगा कोणत्या वाटेनं वर गेला, आणि ती वाट आज उघडी आहे का?

म्हैसूर तालुक्यातल्या वरुणा होबळीत, म्हणजे महसुली मंडळात, सिद्धरामनहुंडी हे त्यांचं गाव. कुरुब म्हणजे आपल्या धनगरांसारखाच समाज. घरी शेती आणि गुरं. दहा वर्षांचे होईपर्यंत सिद्धरामय्या रीतसर शाळेत गेले नव्हते. वडिलांनी त्यांना वीरकुणित हे लोकनृत्य शिकायला घातलं होतं आणि तिथंच त्यांनी वाळूत अक्षरं गिरवली. पुढे शाळेत नाव घातलं ते एकदम पाचवीत. मग म्हैसूरला बीएस्सी आणि त्यानंतर कायद्याची पदवी. कुरुबांच्या पोरानं वकिली कशाला शिकायची, असं गावच्या शानभोगानं, म्हणजे आपल्याकडच्या कुलकर्ण्यानं, वडिलांना सांगितलं होतं. ही आठवण ते स्वतःच भाषणांतून सांगत आले आहेत.

कोर्टात उमेदवारी करताना त्यांचा संबंध समाजवादी मंडळींशी आला. प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी हे त्यांतले एक. पुढे कर्नाटकात रैत संघ उभा करणारे हे नेते आपल्या शरद जोशींच्या काळातले. अशा माणसांच्या सहवासात सिद्धरामय्या राजकारणात आले आणि १९७८ मध्ये म्हैसूर तालुका विकास मंडळावर निवडून गेले. या कारकिर्दीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी घटना हीच. वडील किंवा चुलते राजकारणात नव्हते, मागे कारखाना नव्हता, शिक्षणसंस्था नव्हती. तालुक्याची निवडणूक होती म्हणून खेड्यातून आलेल्या एका तरुण वकिलाला आत शिरता आलं. पाच वर्षांनी, १९८३ मध्ये, लोकदलाच्या तिकिटावर ते चामुंडेश्वरीतून आमदार झाले.

त्यानंतरचा प्रवास सरळ नव्हता. १९८९ मध्ये ते पडले, १९९९ मध्ये पडले. मधल्या काळात १९९४ मध्ये देवेगौडांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. शंभर मेंढरं मोजता येत नाहीत तो राज्याचा हिशेब काय ठेवणार, असं तेव्हा एका वर्तमानपत्रानं लिहिल्याचं ते सांगतात. मार्च २०२५ मध्ये त्याच माणसानं आपला सोळावा अर्थसंकल्प मांडला. जनता दलातून बाहेर पडून काँग्रेसमध्ये आल्यावर २००६ च्या पोटनिवडणुकीत ते अवघ्या २५७ मतांनी तरले. २०१३ मध्ये मुख्यमंत्री झाले, २०१८ मध्ये मुख्यमंत्री असतानाच चामुंडेश्वरीत ३६ हजारांवर मतांनी हरले आणि २०२३ मध्ये वरुणातून निवडून येऊन पुन्हा मुख्यमंत्री झाले. पराभवानंतर पुन्हा लोकांसमोर उभं राहण्याची ही चिकाटी तळातून आलेल्या माणसाची आहे, असं मी मानते.

तालुक्याची निवडणूक माणसाला काय शिकवते, ते मी आमच्या घरी पाहिलं आहे. माझे वडील पंचायत समितीचे सदस्य होते. सकाळी दूध घालून आलेली माणसं आमच्या ओट्यावर बसायची. कुणाचा विहिरीचा अर्ज अडलेला, कुठल्या वस्तीवरच्या शाळेची कौलं फुटलेली, कुणाच्या ओढ्यावरची मोरी वाहून गेलेली. वडील ते सगळे कागद कापडी पिशवीत घालून एसटीनं तासगावला जायचे. अभियंत्याच्या शेजारी बसून ते एस्टिमेट वाचायला शिकले. ‘यंदा तुझी मोरी होणार नाही, खालच्या वस्तीला आधी पाणी द्यायचंय,’ असं शेजाऱ्याच्या तोंडावर सांगायला शिकले. पुढच्या निवडणुकीत हरले आणि पुन्हा द्राक्षबागेच्या छाटणीला लागले. पण गावात कुणालाही वाटत नव्हतं की ही खुर्ची आपल्या आवाक्याबाहेरची आहे.

आमच्याच तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील १९७९ मध्ये सावळजमधून जिल्हा परिषदेवर गेले आणि १९९० मध्ये आमदार झाले. मधली अकरा वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेत काढली. ग्रामविकास मंत्री झाल्यावर त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, ते गाव आतून माहीत होतं म्हणून. विलासराव देशमुखांची सुरुवातही बाभळगावच्या सरपंचपदापासून झाली.

आता आजचं चित्र पाहा. कर्नाटकातल्या तालुका आणि जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली. त्यानंतर मतदारसंघांची पुनर्रचना, आरक्षणाच्या याद्या, हायकोर्टातल्या तारखा यांत निवडणूक वर्षानुवर्षं रखडत गेली. सरकार आधी भाजपचं होतं, २०२३ पासून काँग्रेसचं. या बाबतीत दोघांत फरक दिसला नाही. महाराष्ट्रातही २०२२ पासून जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं राज्यघटनेचं कलम २४३-ई स्पष्ट सांगतं.

म्हैसूरला पंचायतींची निवडणूक अशी रखडावी याचं मला विशेष दुःख आहे. जुन्या म्हैसूर जिल्ह्यातल्या गुंडलुपेटचे अब्दुल नझीरसाब हे रामकृष्ण हेगड्यांच्या सरकारात पंचायतराज मंत्री होते. ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली १९९३ मध्ये. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८३ मध्ये, त्यांनी कर्नाटकात जिल्हा परिषद आणि मंडल पंचायतींचा कायदा आणला आणि त्यात स्त्रियांना २५ टक्के जागा राखून ठेवल्या. त्यांच्या नावाची ग्रामविकास संस्था इथं ललितमहाल रस्त्यावर आहे. सिद्धरामय्या हेगड्यांच्याच सरकारात मंत्री होते. या सुधारणेचं मोल त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही, आणि म्हणून त्यांच्याकडून माझी अपेक्षा इतरांपेक्षा जास्त आहे.

त्यांच्या सरकारनं गरिबांना काही दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. अन्नभाग्यचा तांदूळ किती घरांत शिजतो ते मला दिसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये म्हैसुरातच सुरू झालेल्या गृहलक्ष्मीचे महिन्याचे दोन हजार रुपये बायकांच्या हातात येतात, याचा मला आनंद आहे. वरुणाकडच्या एका खेड्यातून आमच्या गल्लीत भाजी विकायला येणारी बाई त्या पैशातून मुलीची फी भरते. पण गावच्या रस्त्याविषयी विचारलं की ती म्हणते, ‘तालुक्याला सायेब आहेत, पण आमचं माणूस कुणी नाही.’ खात्यात पैसे जमा करायला बेंगळुरूचा संगणक पुरतो. रस्ता आधी कुठल्या वस्तीला करायचा, हे ठरवायला निवडून आलेला आणि पुन्हा मत मागायला येणारा माणूस लागतो.

तालुक्याची पायरी नसली की विधानसभेत थेट पोचतात ते पैसेवाले किंवा नेत्यांच्या घरातले. सिद्धरामय्यांचे चिरंजीव डॉ. यतींद्र २०१८ मध्ये वरुणातून थेट आमदार झाले. ते मनापासून काम करत असतील. माझा प्रश्न त्यांच्या लायकीचा नाही. सिद्धरामनहुंडीत आज गुरं राखणाऱ्या घरातली एखादी हुशार मुलगी वकील झाली, तर तिनं सुरुवात कुठून करायची, हा माझा प्रश्न आहे. तालुका आणि जिल्हा पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. निवडणूकच होत नसेल तर ते आरक्षण तिच्या काय कामाचं?

म्हणून दोन्ही राज्यांकडे माझी मागणी आहे. मतदारसंघ ठरवण्याचं आणि आरक्षणाचं काम पूर्णपणे राज्य निवडणूक आयोगाकडे द्या आणि ते मुदत संपायच्या सहा महिने आधी पुरं करण्याचं बंधन कायद्यात घाला. ते झालं नाही तर आधीच्या यादीवर निवडणूक घ्या, पण प्रशासक बसवू नका. आणि आपण मतदारांनीही पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो शेतकऱ्याचा मुलगा असो वा नसो, आधी हेच विचारावं: आमच्या तालुक्याची निवडणूक कधी?